साठी, बुद्धी आणि सांभाळणारी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कोणी आणि केव्हा जन्माला घातली हे सांगता येणार नाही. पण ज्याने घातली त्याने मराठी समाजाची मोठीच सोय करून ठेवली आहे. घरातले वडीलधारे माणूस तोच प्रश्न पाचव्यांदा विचारू लागले, पैशाचे पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवू लागले, गावाहून आलेल्या पुतण्याला ‘आपण कोण?’ म्हणू लागले, की ही म्हण उच्चारायची, थोडे हसायचे आणि विषय संपवायचा. जोडीला ‘म्हातारचळ’ आहे, ‘दुसरे बालपण’ आहे, ‘भ्रमिष्ट’ आहे. भाषेत इतके शब्द आहेत त्या अर्थी ही अवस्था आपल्या घरांना नवी नाही. मात्र त्यांतला एकही शब्द आजाराचे नाव नाही. आणि जो आजारच नाही त्याला डॉक्टर नको, सरकारी योजना नको आणि सांभाळणाऱ्याला मदतही नको, असा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या मांडत आलो आहोत.

हा हिशेब आता जमेनासा झाला आहे, म्हणून हा लेख.

मुळात विसरणे आणि स्मृतिभ्रंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चष्मा कुठे ठेवला हे साठीनंतर कोणीही विसरेल. चष्मा हातात धरून ‘हे कशासाठी असते?’ असा प्रश्न पडणे हे वेगळे. चाळीस वर्षे सांभाळलेला घरखर्चाचा हिशेब एकाएकी न जमणे, रोजच्या वाटेवरून घर न सापडणे, आंघोळीला बसल्यावर आधी काय आणि मग काय हेच न सुचणे, ही सारी मेंदूच्या आजाराची लक्षणे आहेत. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो एकच रोग नसून अनेक रोगांतून उद्‌भवणारी अवस्था आहे. त्यांत अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे साधारण ६० ते ७० टक्के. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडत गेल्याने येणारा स्मृतिभ्रंश. वय हा यातला मोठा धोका खरा. पण म्हातारपण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. नव्वदी पार करूनही पंचांग तोंडपाठ असणारी माणसे आपण पाहिलेलीच असतात.

गंमत अशी की, ज्या रुग्णामुळे हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आला तिची साठीही झालेली नव्हती. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टा नावाची ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला रोज साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून ठेवत. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत आपले निरीक्षण मांडले. पण या शोधाचा एक विचित्र परिणाम झाला. पुढची कितीतरी दशके ‘अल्झायमरचा रोग’ हे नाव अशा कमी वयाच्या रुग्णांपुरतेच राखून ठेवले गेले. साठी-सत्तरीत तीच लक्षणे दिसली, तर डॉक्टरही त्याला वार्धक्य म्हणून सोडून देत. १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदूरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन वेगळे आजार नसून एकच आहेत, अशी ठाम भूमिका मांडली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडू लागले. तात्पर्य, ‘साठी बुद्धी नाठी’ मानण्यात आपण एकटे नव्हतो. फरक इतकाच की इतरांनी ती म्हण हळूहळू मागे टाकली.

श्रीमंतांचा आजार?

हा आजार पाश्चात्त्यांचा, म्हातारी माणसे वृद्धाश्रमात ठेवणाऱ्यांचा, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते. आकडे काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. दरवर्षी त्यात जवळपास एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०५० पर्यंत जगातला आकडा १५ कोटींच्या पुढे जाईल, असा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे आणि ही वाढ मुख्यतः आपल्यासारख्या देशांतच व्हायची आहे.

भारतापुरते बोलायचे तर वृद्धांच्या देशव्यापी पाहणीचा एक भाग म्हणून झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वांत विश्वसनीय मानला जातो. त्यानुसार साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आहे. म्हणजे जिथे मेंदूरोगतज्ज्ञ नाही, स्मृती तपासणारे क्लिनिक नाही आणि तालुक्याच्या गावाला जायला दिवस मोडावा लागतो, तिथेच रुग्ण अधिक.

हे असे का व्हावे? एक कारण आनंदाचे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते, ते आज सत्तरच्या आसपास आले आहे. देवी गेली, पटकी-प्लेगच्या साथी आटोक्यात आल्या, बाळंतपणे सुरक्षित झाली. माणसे जगू लागली. दुसरे कारण मात्र विचार करायला लावणारे आहे. लहानपणी मिळालेले शिक्षण मेंदूला एक प्रकारची शिल्लक देते. पुढे झीज सुरू झाली तरी ती शिल्लक काही वर्षे कामी येते. आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेल्या ज्या खेड्यातल्या बाईला साठ-सत्तर वर्षांपूर्वी ‘मुलीला शिकून काय करायचंय?’ म्हणून शाळेतून काढले, तिच्या खात्यावर ही शिल्लक जमाच झाली नाही. तेव्हाच्या त्या निर्णयाची किंमत आज वसूल होते आहे.

या विषमतेची जाणीव एका मोठ्या उपक्रमाच्या नावातच आहे आणि त्याचा जन्म आपल्याच देशात झाला. १९९८ मध्ये कोचीला अल्झायमरविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे जमलेल्या संशोधकांनी ‘१०/६६’ नावाचा गट स्थापन केला. अर्थ असा की, जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्याविषयीचे संशोधन मात्र जेमतेम १० टक्के. हे गुणोत्तर पुढे थोडे सुधारले. पण संशोधन झाले म्हणजे रुग्णाच्या दारापर्यंत काही पोचले असे नव्हे. २०२१ च्या जागतिक अल्झायमर अहवालाने म्हटले आहे की, जगातल्या चारपैकी तीन रुग्णांच्या आजाराचे निदानच झालेले नसते. गरीब देशांत तर हे प्रमाण दहातल्या नऊपर्यंत जाते.

दिवेलागणीची वेळ

आकडे वाचून आजार कळत नाही, म्हणून थोडे घरातले सांगतो. माझी एक आत्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहत असे. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेले, पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. सत्तरीनंतर एके दिवशी भाजीवाल्याने परत दिलेली मोड तिला मोजता येईना. गावातल्या डॉक्टरांनी ‘वय झालं आता’ म्हणून ताकदीची इंजेक्शने दिली. अशी दोन-अडीच वर्षे गेल्यावर शहरातल्या मेंदूरोगतज्ज्ञाने आजाराला नाव दिले. पण नाव मिळाले म्हणून घरातले काम कमी होत नाही. ते काम पुढची सात वर्षे एका व्यक्तीने केले, ती म्हणजे तिची सून, माझी आत्तेवहिनी.

सकाळी चहा झाल्यावर दहा मिनिटांनी ‘आज चहा नाही का?’ इथून दिवस सुरू होई. आंघोळीला आत्या तयार नसे, कारण अंगावर पाणी का घेतात हेच तिला उमगत नसे. गॅसची शेगडी ती उघडी सोडून देई, म्हणून सिलिंडर खालून बंद ठेवायचा. बाहेरच्या दाराला कडीऐवजी कुलूप आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. सर्वांत अवघड वेळ दिवेलागणीची. सूर्य मावळू लागला की आत्या बेचैन होई, पिशवी भरून दाराशी उभी राही आणि म्हणे, “मला घरी सोड ना गं, आई वाट बघत असेल.” वहिनी सुरुवातीला समजावीत, “अहो, हेच तुमचं घर.” त्याने आत्या अधिकच चिडे. पुढे अनुभवाने त्यांना एक युक्ती सापडली. “चला, सोडते” म्हणून त्या आत्याचा हात धरून मारुतीच्या देवळापर्यंत जात, प्रदक्षिणा घालून परत येत आणि दारात म्हणत, “आलं बघा घर.” आत्या समाधानाने आत येई. वाद घालू नये, भीती ओळखावी आणि ती शांत करावी, हे आज जगभर शिकवले जाते. वहिनींना ते कोणीच शिकवले नव्हते. मधल्या काळात किती संध्याकाळी रडण्यात गेल्या त्याचा हिशेब कोण ठेवणार?

पण त्यांना सर्वांत जास्त काय लागले असेल तर ते वेगळेच. जेवण उरकून पाच मिनिटे झाली की आत्या ओसरीवर जाऊन शेजारणीला सांगे, “सकाळपासून पोटात अन्न नाही हो.” ती खोटे बोलत नव्हती, तिच्या लेखी ती जेवलीच नव्हती. वहिनी मला एकदा म्हणाल्या, “भाऊजी, आईंचा राग नाही येत. आजार आहे, कळतं मला. पण शेजारणी माझ्याकडे बघतात ना, तेव्हा वाटतं, वाढलेलं ताट गावभर दाखवत फिरावं.”

१९८१ मध्ये अमेरिकेत काळजीवाहू नातेवाइकांसाठी नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांचे एक पुस्तक निघाले आणि ते पुढे जगभर गेले. त्याचे नावच मुळी ‘छत्तीस तासांचा दिवस’ अशा अर्थाचे आहे. ज्याने असा रुग्ण सांभाळला आहे त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

सुनेकडे वळलेले बोट

शेजारणींची ती नजर केवळ एका गावाची नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी वाराणसीच्या मोहल्ल्यांत राहून वार्धक्याचा अभ्यास केला आणि १९९८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. म्हाताऱ्या माणसाचे डोके बिघडले की लोक मेंदूकडे न पाहता घराकडे पाहतात, मुला-सुनांनी सेवा केली नसणार असा अर्थ काढतात, असे त्यांना दिसले. त्याच सुमारास डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात लोकांशी बोलून असाच शोध घेतला. २००१ मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष जवळपास हेच होते. लक्षणे लोकांच्या ओळखीची होती, पण ती वार्धक्याचाच भाग समजली जात किंवा मुलांनी केलेल्या आबाळीचे फळ मानली जात. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच येत, पण घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या त्यांना चांगल्या ओळखत.

नेमकी इथेच मेख आहे. ‘आपल्याकडे कुटुंब आहे, पाश्चात्त्यांसारखे नाही’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ‘कुटुंब’ म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक घरांत एक बाई. सून, बायको किंवा नोकरी सोडून माहेरी आलेली मुलगी. ती न बोलता करते तोवर ती गृहीत धरायची आणि काही उणे पडले की दोष तिचाच. मुंबई-पुण्याहून वीस मिनिटांसाठी भेटायला येणारे नातेवाईक ‘छान दिसतात की! आम्हाला ओळखलं!’ असे प्रशस्तिपत्र देऊन जातात, ते वेगळेच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ हा चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले निवृत्त संस्कृत पंडित त्यात हरवतात आणि रस्त्यावर हत्ती घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातली एक गरीब बाई त्यांना मायेने जेवू घालते. तिला आजाराचे नाव ठाऊक नाही, माणूस मात्र कळतो. चित्रपट मनात घर करून राहतो. परंतु प्रत्येक हरवलेल्या वृद्धाला अशी बाई भेटेलच, यावर कोणत्याही समाजाला आपली व्यवस्था उभारता येणार नाही.

खर्च कोण करते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालचा या आजाराचा जागतिक खर्च १.३ लाख कोटी डॉलर इतका काढला. त्यातला जवळपास निम्मा खर्च कुठल्याच इस्पितळाच्या बिलात नाही. नातेवाईक आणि मित्र रोज सरासरी पाच तास जे फुकट राबतात, त्याची ती किंमत आहे. आणि काळजीच्या एकूण तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे आहेत.

आपल्या योजना मात्र इस्पितळाच्या दारातून सुरू होतात. २०२४ मध्ये आयुष्मान भारतचे पाच लाखांचे छत्र सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, लागू झाले, हे स्वागतार्हच आहे. पण ती योजना आहे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. माझ्या आत्याला दाखल कशासाठी करणार? तिला हवे होते दिवसभर कोणीतरी आणि वहिनींना हवी होती आठवड्यातून एक दुपार. या दोन गोष्टी कोणत्याही कार्डावर मिळत नाहीत. शहरांत दिवसभराची केंद्रे आणि निवासी संस्था आहेत. परंतु त्या थोड्या आहेत आणि निवासी संस्थेचा महिन्याचा खर्च सामान्य निवृत्तिवेतनाला पेलणारा नसतो. घरी ठेवायच्या पगारी बाईचेही तेच.

‘आता औषध निघाले आहे ना?’ असे कोणी विचारील. होय, २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब आणि २०२४ मध्ये डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. मेंदूत साचणारे अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन ती काढून टाकतात. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठीच मजल आहे. पण ती आजाराच्या अगदी सुरुवातीलाच द्यायची असतात, आजार बरा करीत नाहीत, फक्त त्याचा वेग कमी करतात. लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत हा फरक २७ टक्के आढळला. अमेरिकेत जाहीर झालेली त्याची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. शिवाय निदानासाठी खास तपासण्या आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय. जिथे दहातल्या नऊ जणांचे निदानच होत नाही, तिथे सुरुवातीलाच द्यायचे औषध कोणाला मिळणार? संशोधन चालूच राहिले पाहिजे. मात्र आज ज्या घरात दिवेलागण होते आहे, त्या घराला औषधाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

गोव्यातली ८१ घरे

मग करता येण्यासारखे काही आहे की नाही? आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या बायका निवडल्या. त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या घरी त्या निदान पंधरा दिवसांतून एकदा, असे सहा महिने जात. काम काय? आजार म्हणजे काय हे घरच्यांना समजावणे, चिडचिड-भटकणे कसे हाताळावे हे दाखवणे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पोचवणे, सरकारी योजनांची माहिती देणे आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकून घेणे. मागे एक मानसोपचारतज्ज्ञ अर्धवेळ मदतीला होता.

अभ्यासात ८१ कुटुंबे होती. काहींना ही मदत लगेच दिली, काहींना नंतर, म्हणजे तुलना चोख व्हावी. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना मदत मिळाली त्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्ण बरे झाले, असा दावा कोणी केला नाही. सांभाळणारीला थोडा श्वास घेता आला, एवढेच. वहिनींना देवळाची युक्ती सुचायला जितके दिवस लागले, त्यांतले कितीतरी अशा एका भेटीने वाचले असते.

केरळने याहून लवकर सुरुवात केली. १९९२ मध्ये डॉ. के. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने तिथे ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. २०१४ मध्ये राज्य सरकारने या संस्थेच्या साथीने ‘स्मृतिपथम्’ हा उपक्रम हाती घेऊन काळजी-केंद्रे सुरू केली. गरजेच्या मानाने हे थोडेच आहे. पण हा प्रश्न घराबाहेरचा, राज्याचा आहे, हे त्याने मान्य केले.

जपानने तर भाषेपासून सुरुवात केली. वृद्धांची काळजी घेण्यासाठी तिथे २००० साली सक्तीचा विमा आला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि म्हातारपणी घरी मदतनीस, दिवसाचे केंद्र, घरच्यांना विसावा अशा सेवा त्यातून घ्यायच्या. २००४ मध्ये त्यांनी या आजाराचे जुने नाव बदलले, कारण त्या शब्दात वेडगळपणाचा अर्थ होता. २००५ पासून शाळकरी मुले, बँकेतले कारकून, दुकानदार यांना तासा-दीड तासाच्या वर्गात या आजाराची ओळख करून देणे सुरू झाले. अशा ‘साहाय्यकां’ची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. २०२३ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. जपान श्रीमंत आहे, त्याची बरोबरी आपण कशी करणार, हे खरे. पण नाव बदलायला आणि दीड तासाचा वर्ग घ्यायला किती पैसे लागतात?

आपण काय करायचे?

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभासद देशांनी एक कृती-आराखडा मान्य केला. २०२५ पर्यंत तीन चतुर्थांश देशांनी स्मृतिभ्रंशाविषयी राष्ट्रीय धोरण करायचे ठरले. मुदत संपत आली तेव्हा त्याच्या निम्मेही देश तिथवर पोचले नव्हते, भारतही नाही. मग २०२५ मध्ये मुदत २०३१ पर्यंत वाढवून घेण्यात आली. धोरण होईल तेव्हा होवो. तोवर जे हाताशी आहे त्याचे काय? गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. कोणत्या घरात कोणते म्हातारे माणूस ‘विचित्र’ वागते हे त्यांना ठाऊक असते. गोव्यातल्या बायकांना दिले तेवढे प्रशिक्षण त्यांना द्यावे आणि या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा. आधीच ओझ्याने वाकलेल्या बाईवर फुकटचे आणखी एक ओझे नको. प्रत्येक तालुक्याला आठवड्यातून दोन दिवस चालणारे एक दिवसाचे केंद्र हवे. ओस पडलेले समाजमंदिर त्याला पुरेल.

घरच्यांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लक्षणे दिसताच ‘वय झालं’ हे उत्तर स्वीकारू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, डोक्याला लागलेला मार यांमुळेही असेच दिसू शकते आणि त्यावर उपचार आहेत. निदान झाल्यावर, माणसाला समजते आहे तोवरच, मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, घराची कागदपत्रे त्याच्या इच्छेने मार्गी लावावीत. खिशात किंवा पदराला नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकाचाही उपयोग करावा.

आणि ज्यांच्या घरी आज हे नाही त्यांनी? २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली. ती सगळी दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असे त्याचे म्हणणे आहे. ही कारणे ओळखीचीच आहेत: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, बैठे जीवन, दूषित हवा, एकटेपणा, कमी शिक्षण आणि वेळेवर न तपासलेले कान-डोळे. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून त्यांच्याशी बोलणेच बंद करणाऱ्या घरांनी ही यादी एकदा जरूर वाचावी.

राहता राहिली ती शेजारणींची नजर. कोणतेही सरकार ती बदलू शकणार नाही. ते काम आपले. आपल्या इमारतीत, आळीत, नात्यात असे एखादे घर असेलच. तिथल्या सांभाळणारीला उपदेश नको असतो, ‘आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत’ हेही नको असते. तिला एक वाक्य ऐकायचे असते आणि सात-आठ वर्षांत बहुधा ते कोणी बोललेले नसते: “बुधवारी दुपारी दोन तास मी बसते त्यांच्याजवळ. तू जाऊन ये.”